एक गोळी, एक तोळा

ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो
सप्टेंबर अखेर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर गॅरेजमधलं यंत्र बघून बाबांनी "ते काय गं?" विचारलं, मी "काडतुसं भरते" म्हणाले आणि आईनं फोन सरळ वहिनीच्या हातात दिला. ऑक्टोबरात मी शिकारीला जाणार आहे, ही तयारी त्यासाठीच. हे काही फोनवर समजावण्यातलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, आधी तुमच्या कामाची गोष्ट. बंदुकीच्या गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि मी वापरते ती गोळी १८० ग्रेनची आहे. म्हणजे बरोबर एक तोळा! इंग्रजांनी १८३३ साली तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचाच, तुमचा ११.६६ ग्रॅमचा. दुकानात बसवून तुम्ही ९६ गुंजांचा हिशेब घोकून घेतला होतात. त्या हिशेबानं एक गुंज पावणेदोन ग्रेनहून जराशी जास्त भरते. मी बंदुकीची दारू तोलते ती ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. तुम्ही काटा हातात घेतलात की आधी पंखा बंद व्हायचा, आणि दाराशी कुणी आलं तरी तुमची मान वर होत नसे. मीही गॅरेजचा हीटर बंद करते. त्याच्या वाऱ्यानं दांडी हलते.

काम असं. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मी जपून ठेवते. बार उडाला की पुंगळी फुगते, म्हणून तिला हलकं वंगण लावायचं, यंत्राच्या साच्यात घालायची आणि दांडा खाली ओढायचा. ती पुन्हा मापात येते आणि जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी, खाली टपकन पडतो. वंगण कमी पडलं तर पुंगळी साच्यात अशी अडकते की निघता निघत नाही. जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्यावर, मानेखालच्या उतारावर, खळगा पडतो. किती लावायचं ते बोटालाच कळतं. मग लांबी मोजायची, वाढली असेल तर कापायची, तोंडाची कड आतून-बाहेरून साफ करायची. मानेशी बारीक चीर दिसली की ती पुंगळी भंगारात. मग नवा प्रायमर, तोललेली दारू आणि शेवटी वर गोळी.

दुकानात तयार मिळतात ना, असं आई म्हणेल. मिळतात, आणि चांगलीही असतात. पण माझी रायफल .३०-०६ ची, म्हणजे १९०६ साली अमेरिकी लष्करानं घेतलेल्या काडतुसाची. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच मापाची दोन कंपन्यांची काडतुसं एकाच रायफलीतून वेगवेगळ्या जागी लागतात. एल्क हे सांबराच्याच कुळातलं जनावर, नर सव्वातीनशे किलोचा. गोळी पुढच्या पायामागे, फुप्फुसात बसली तर तो थोडा धावून पडतो. चार बोटं इकडेतिकडे झाली तर जखम घेऊन डोंगर ओलांडतो आणि रात्रभर तडफडतो. तसं होऊ नये एवढ्यासाठी ही सगळी यातायात.

दारूचं माप मनानं ठरवायचं नसतं. कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते छापतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. मी खालच्या मापापासून सुरू करते. अर्ध्या अर्ध्या ग्रेननं वाढवत प्रत्येक मापाची तीन काडतुसं भरायची, डब्यावर माप लिहायचं आणि मैदानावर जाऊन १०० यार्डांवर मारायची. मारून झाल्यावर आधी पुंगळीचं बूड बघायचं, निशाणाचा कागद नंतर. प्रायमर चपटा झालाय का? बोल्ट, म्हणजे रायफलीची कडी, उचलताना जड लागला का? तसं असेल तर दाब जास्त झाला, तक्ता काहीही म्हणो, तिथेच थांबायचं आणि मागे यायचं. इथली बरीच मंडळी गोळीचा वेग वाढवण्याच्या मागे असतात. मला तो पोरखेळ वाटतो. मी ठरवलेला बार कमाल मापाच्या बराच खाली आहे, पण तिन्ही गोळ्या इंचभरात बसतात. शिवाय दारू अशी निवडली आहे की उन्हाळ्यातला वेग ऑक्टोबरच्या पहाटेच्या बर्फातही फारसा बदलत नाही. २०० यार्डांवर नेम जुळवला की ३०० यार्डांवर गोळी साधारण वीतभर खाली लागते. त्यापुढे मी मारणारच नाही.

गोळी निव्वळ तांब्याची घेतली. शेजारचे आजोबा, ज्यांनी मला हे शिकवलं, ते शिशाच्या गोळीचे भक्त आहेत. माझ्या तांब्याला ते "दागिना" म्हणतात. पण शिशाचे कण मांसात राहतात, आणि टाकलेली आतडी खाऊन गरुड-गिधाडं मरतात. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांपायी २०१९ पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी आहे. इथे सक्ती नाही, मीच ठरवलं. बाबांना सांगायला नको, तांबं शिशाहून हलकं. म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त खोल बसते. साहजिकच तिचा तक्ता वेगळा.

आता भीतीचं. ही दारू उघड्यावर भरभर जळते, बंद जागेत कोंडली तरच धोका. ती मूळ डब्यातच ठेवते आणि टेबलावर एका वेळी एकच डबा असतो. माझ्या बारानं पुंगळी जवळजवळ भरते, चुकून दुप्पट पडलीच तर बाहेर सांडेल. डोळ्यांवर चष्मा असतो. रायफल तिजोरीत, किल्ली माझ्याकडे. घरात लहान मुलं असतील तर २०२१ पासून इथे तसा कायदाच आहे.

आई, तुझ्या गळ्यात माळ आहे. तुला हे पटावं असा माझा हट्ट नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते योग्यच झालं. इथलं गणित वेगळं आहे. शंभर वर्षांपूर्वी कोलोरॅडोत एल्क जवळपास संपले होते, वायोमिंगहून आणून सोडावे लागले. आज अडीच लाखांहून जास्त आहेत. १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी जातो. मांस टाकून दिलं तर गुन्हा होतो. आम्ही घरात मांस खातो हे तुला माहीत आहे. दुकानातलं पाकीट घेताना मी कधी विचार केला नव्हता, या वेळी करावा लागतोय. हरणांत एक मेंदूचा रोग आहे, त्यासाठी मारलेल्या एल्कच्या डोक्याची तपासणी करून घेणार आहे. निकाल येईपर्यंत घरात कुणी खाणार नाही.

ऑक्टोबरच्या मध्यात मीकर गावाच्या वर, फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात जाणार. अंगावर भडक नारिंगी जाकीट, बरोबर आजोबा आणि त्यांचा मुलगा. तिथे फोनला रेंज नसते, तेव्हा काळजी करत बसू नका. खाली मीकरला उतरले की आधी वहिनीला मेसेज करते. रिकाम्या हाती आले तरी तेच सांगेन.

बाबा, मोतीबिंदूच्या डॉक्टरांची तारीख दादाकडून घेऊन मला कळवा. आणि आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, इथून पाठवते.

तुमची,
धाकटी