पासवर्ड काढून देण्याच्या खोट्या हमीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : एक्सेल फाइलीचा पासवर्ड काढण्याचे सॉफ्टवेअर, दिशाभूल करणारी जाहिरात, अपुरी सेवा आणि पैसे परत करण्यास नकार.

महोदय,

आपल्या कंपनीचे सॉफ्टवेअर आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने 2,499 रुपये भरून घेतले. 'एक्सेलची कोणतीही फाइल, कोणताही पासवर्ड, काही मिनिटांत, हमखास' असे आपल्या संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे. आमच्या दोन फाइलींपैकी एक मोकळी झाली, दुसरी आजही बंद आहे. पैसे परत मागितल्यावर 'एका फाइलीचे संरक्षण काढले असल्याने सेवा पूर्ण झाली आहे' असे उत्तर आले. हे उत्तर संस्थेला मान्य नाही.

फाइली कोणाच्या, ते आधी सांगते. आमच्या संस्थेचे हिशेब आधीचे खजिनदार काका अनेक वर्षे एकहाती पाहत असत. त्यांचे अचानक निधन झाले. काकूंनी त्यांचा लॅपटॉप स्वतःहून सोसायटीच्या ऑफिसात आणून दिला. त्यात चालू वर्षाच्या मेंटेनन्स बिलांची फाइल होती. ती उघडत होती, आकडेही दिसत होते, पण पिवळ्या रकान्यात काही लिहायला जावे तर शीट प्रोटेक्टेड असल्याची सूचना येई. दुसरी फाइल सभासदांच्या खातेवहीची. कोणाची किती थकबाकी, त्यावरचे व्याज, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, सगळे तिच्यात आहे आणि ती पासवर्डशिवाय उघडतच नाही. व्यवस्थापक समितीने रीतसर ठराव करून दोन्ही फाइली सोडवण्याचे काम माझ्याकडे दिले. आपण मात्र फाइल आमचीच आहे का, एवढेसुद्धा विचारले नाही. दुसऱ्याची फाइल परवानगीशिवाय उघडणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 खाली कारवाई होऊ शकते. असे साधन विकणाऱ्याने ग्राहकाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता मूळ तक्रार. पैसे भरण्याआधीच्या मोफत तपासणीत आपल्या सॉफ्टवेअरने दोन्ही फाइलींपुढे हिरव्या अक्षरांत 'संरक्षण आढळले, काढता येईल' असे दाखवले. त्या भरवशावर आम्ही पैसे भरले. बिलांची फाइल बटण दाबताक्षणी मोकळी झाली. खातेवहीच्या फाइलीची पट्टी 3 टक्क्यांपर्यंत गेली आणि तिथेच अडकली. मग पडद्यावर नवी चौकट आली : 'वेगवान सेवा घ्या, 6,999 रुपये.'

या दोन फाइलींची कुलुपे मुळात वेगळ्या जातीची आहेत. आपल्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही, कारण आपला धंदाच तो आहे. मला ते आमच्याच इमारतीतल्या इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलीने समजावून सांगितले. शीटचे संरक्षण ही दाराला लावलेली नुसती कडी असते. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची आताची नेहमीची फाइल, ही आतून एक झिप फाइल असते, म्हणजे अनेक लहान फाइलींचे एकत्र बांधलेले गाठोडे. तिची एक प्रत काढायची, नावाच्या शेवटी 'झिप' करायचे, ती उघडायची. आत 'एक्सएल' नावाच्या फोल्डरमध्ये 'वर्कशीट्स' फोल्डर असते आणि त्यात प्रत्येक शीटची एकेक साधी मजकुराची फाइल. त्या मजकुरात 'शीटप्रोटेक्शन' या शब्दाने सुरू होणारा तुकडा शोधून तेवढाच पुसायचा, फाइल पुन्हा झिपमध्ये ठेवायची आणि नाव पूर्ववत करायचे. तिने आमच्या मूळ फाइलीच्या प्रतीवर हे माझ्यासमोर करून दाखवले. रकाने मोकळे झाले, सूत्रे जशीच्या तशी राहिली. एक पैसाही लागला नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते की शीटचे संरक्षण ही सुरक्षेची सोय नाही, चुकून कोणी आकडे बदलू नयेत एवढ्यासाठीच ती आहे. 'सेवा पूर्ण झाली' असे आपण ज्या कामाबद्दल म्हणता, ते काम हे.

खातेवहीची फाइल मात्र 'झिप' नाव देऊनही उघडत नाही, कारण ती सगळीच्या सगळी एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे तिचा मजकूरच पासवर्डशिवाय न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात बदललेला आहे. पुसायला तिच्यात कुठला तुकडाच नाही. एक्सेलच्या 2010 पासूनच्या आवृत्त्यांत प्रत्येक पासवर्ड तपासताना तीच गणिती क्रिया 1 लाख वेळा करावी लागते, म्हणजे कोणालाही भराभर अंदाज लावून बघता येऊ नयेत. इंग्रजी लहान-मोठी अक्षरे आणि अंक मिळून 62 चिन्हे होतात. त्यांतून 8 अक्षरी पासवर्ड घेतला तर शक्यता 2 लाख 18 हजार अब्जांच्या वर जातात. सेकंदाला 10 हजार अंदाज तपासले तरी सगळे संपायला जवळजवळ 690 वर्षे लागतील. पासवर्ड सोपा असेल, नाव किंवा जन्मसाल असेल, तर लवकर सापडेलही. पण त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. विसरलेला पासवर्ड परत मिळवून देता येत नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगते. मग 'हमखास' हा शब्द आपण कशाच्या आधारावर लिहिला?

हमी देण्याजोगी जागा खरोखर असती, तर ती सांगायला आपल्याला कोणी अडवले नव्हते. 2007 च्या आधीच्या एक्सएलएस, म्हणजे एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींची नेहमीची किल्ली, म्हणजे पासवर्डपासून बनणारा आणि फाइल प्रत्यक्ष उघडणारा गुप्त आकडा, 40 बिटांची, म्हणजे फारच लहान असे. तिच्या सगळ्या शक्यता आजचा संगणक तपासून संपवू शकतो, त्यामुळे पासवर्ड कितीही अवघड असला तरी ती फाइल उघडते. फाइल जुनी आहे की नवी, नुसती शीट बंद आहे की अख्खी फाइल एन्क्रिप्ट केलेली आहे, हे आपले सॉफ्टवेअर तपासणीतच ओळखते. नाहीतर पहिल्या फाइलीचे काम त्याला क्षणात जमले नसते. जे ओळखले ते ग्राहकाला पैसे घेण्याआधी सांगितले नाही, हा माझ्या तक्रारीचा गाभा आहे.

दुसरी बाब मला पैशांपेक्षा जास्त सलते. 'वेगवान सेवा'ची चौकट आम्ही बंद केली, तरी 'तुमच्या 2 फाइली आमच्या सर्व्हरवर रांगेत आहेत' असा ईमेल आला. फाइली आपल्या सर्व्हरवर पाठवायला आम्ही कुठेही संमती दिलेली नाही. बिलांच्या फाइलीत सभासदांची नावे, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर आणि येणे रकमा आहेत. शीटला संरक्षण असले तरी ती माहिती कोणालाही वाचता येते, हे वर लिहिलेच आहे. लोकांनी ही माहिती विश्वासाने संस्थेकडे दिली आहे. ती कोणाच्या हातात गेली असे सभासदांनी विचारले, तर मी काय सांगू?

खातेवही आता आम्ही बँकेचे उतारे आणि पावती पुस्तकांच्या स्थळप्रतींवरून पुन्हा उभी करत आहोत. काकांच्या बारीक अक्षरातली एकेक स्थळप्रत लावून बघावी लागते. फ्लॅट विकणाऱ्या एका कुटुंबाला थकबाकी नसल्याचा दाखला हवा आहे आणि तो आम्हाला बिनचूक देता येत नाही. लेखापरीक्षकांना मागच्या बाक्या हव्यात. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. 'होणार नाही' असे आपण पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर हे काम आम्ही तेव्हाच हाती घेतले असते.

तरी आपण 2,499 रुपयांची संपूर्ण रक्कम संस्थेच्या खात्यात परत करावी. आमच्या दोन्ही फाइली आणि त्यांच्या प्रती सर्व्हरवरून कायमच्या काढून टाकून तसे लेखी कळवावे. त्या काळात त्या कोणी उघडल्या का, तेही कळवावे. संकेतस्थळावरची 'कोणताही पासवर्ड, हमखास' ही जाहिरात काढून, कोणत्या प्रकारच्या फाइलीचे काम होते आणि कोणत्या प्रकारचे होईलच असे नाही, हे पैसे भरण्याच्या बटणाच्या वर मराठीत आणि हिंदीतही स्पष्ट लिहावे. ही शेवटची मागणी संस्थेची नसून माझी आहे आणि ती मी सोडणार नाही. अशा फाइलींत अडकलेल्या लहान संस्था, दुकानदार, निवृत्त माणसे पुष्कळ आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवू आणि ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्था येते. दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापार प्रथा यांच्या व्याख्या त्याच कायद्याच्या कलम 2 मध्ये आहेत. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याने काही अडत नाही.

उत्तर ठरीव नमुन्यातले नसावे. ज्यांनी हे पत्र पूर्ण वाचले आहे, त्यांच्या सहीचे असावे.

आपली,
खजिनदार,
सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

सोबत : समितीच्या ठरावाची प्रत, पैसे भरल्याची पावती, तपासणीच्या पडद्याचे छायाचित्र आणि आपल्या ईमेलची प्रत.