आधी पंखा पाहा, मग छताला भोक पाडा

महोदय,

दिवाळी तोंडावर आली की सोलापुरात रंग, पीओपी आणि लाइटची कामे एकदमच निघतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडच्या नव्या घरांत तर फॉल्स सीलिंगशिवाय हॉल सापडणे अवघड. पण ही कामे होतात उलट्या क्रमाने. पीओपीवाला आधी नक्षी ठरवतो, नक्षीला शोभेल तिथे डाउनलाइटसाठी, म्हणजे छतात बसणाऱ्या एलईडी लाइटसाठी, भोके पाडतो. मग मालक दुकानात जाऊन ‘बारा वॉटचे बारा द्या’ म्हणतो आणि वायरमन सगळ्यांत शेवटी येतो. डाउनलाइटच्या निम्म्या तक्रारी इथेच सुरू होतात. चुकलेले भोक बुजवले तरी त्याचा डाग पुढच्या रंगापर्यंत डोळ्यांत खुपतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट पंख्याची. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने पंखा फिरतोच. डाउनलाइट पंख्याच्या जवळ असेल तर पाती त्याचा उजेड कापत राहतात, भिंतीवर आणि जेवणाच्या ताटावर सावल्या थरथरतात, डोके दुखायला लागते. लोक लाइट बदलून आणतात, पण दोष जागेचा असतो. नेहमीचा पंखा ४८ इंची, म्हणजे मध्यापासून पात्याचे टोक दोन फुटांवर. पाती छताच्या एक फूट खाली असतील आणि लाइट १२० अंशांत पसरणारा पॅनल असेल, तर त्याचा तिरपा उजेड खाली उतरताना पावणेदोन फूट बाजूला जातो. दोन अधिक पावणेदोन, म्हणजे पंख्याच्या मध्यापासून लाइट निदान चार फूट लांब हवा. पंख्याचा रॉड लांब असेल तर हे अंतर आणखी वाढवावे. ३६ अंशांचा अरुंद झोत टाकणारा स्पॉटलाइट (सीओबी) असेल तर अडीच फूटही पुरतात.

आता संख्या. वॉट म्हणजे वीज किती खाणार. उजेड किती मिळणार हे लुमेनवरून कळते. बऱ्या डाउनलाइटमध्ये वॉटमागे ९० ते १०० लुमेन मिळतात. १२ बाय १५ फुटांचा हॉल १८० चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास १६.७ चौरस मीटर. बैठकीच्या खोलीला १५० लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे १५० लुमेन, धरले तर अडीच हजार लुमेन प्रत्यक्ष खाली पोचायला हवेत. भिंती, धूळ आणि फिटिंग मिळून बराच उजेड गिळतात, म्हणून ०.६ने भागावे. उत्तर येते सुमारे ४२००. वॉटमागे १०० लुमेन धरले तर सात वॉटचे सहा लाइट झाले, एकूण ४२ वॉट. बारा वॉटचे बारा म्हणजे १४४ वॉट, गरजेच्या तिपटीहून जास्त. असे लाइट लावणारे लोक पुढे चारच चालू ठेवतात आणि बाकीच्या भोकांवर खर्च केल्याची हळहळ करतात.

हे सहा लाइट पंधरा फुटी भिंतींपासून दोन फुटांवर, प्रत्येक रांगेत तीन असे बसवावेत. रांगेत दोन लाइटमध्ये पाच फूट आणि टोकाच्या लाइटपासून आडव्या भिंतीपर्यंत अडीच फूट. पंखा मध्यभागी असेल तर मधले दोन लाइट त्याच्यापासून नेमके चार फुटांवर येतात. दोन स्विच द्यावेत, टीव्ही पाहताना एकच रांग पुरते.

स्वयंपाकघरात पंख्याइतकीच चूक ओट्याची होते. लाइट खोलीच्या मध्ये लावला की ओट्यापाशी उभ्या बाईची सावली थेट विळी-चाकूवर पडते. ओटा दोन फूट रुंद असतो, त्यामुळे लाइटचा मध्य मागच्या भिंतीपासून २० ते २४ इंचांवर, म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेवर घ्यावा. वरचे कपाट फूटभर पुढे येते, ते सोडूनही उजेड पोळपाटावर पडतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळसर. इथे ४००० केल्विन चांगला. बैठक, झोपण्याची खोली आणि देवघरात ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बरा. समई आणि पितळ त्यातच खुलते. ६५०० केल्विनचा पांढराफेक उजेड दुकानात झगझगीत दिसतो म्हणून घरभर घेतला जातो, रात्री तो नकोसा होतो. रंग बदलणाऱ्या थ्री-इन-वनपासूनही जरा सावध राहावे. त्यांचा रंग स्विच बंद-चालू करून बदलतो. वीज ये-जा करताना त्यांचा मेळ चुकतो आणि एकाच रांगेत एक पिवळा, दोन पांढरे पेटतात. लाइट एकाच बॅचचे घ्यावेत. बारा लागत असतील तर चौदा घ्या, कारण वर्षभराने त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा पांढरा वेगळा असू शकतो.

सोलापूरच्या उन्हाचा विचार मात्र कोणीच करत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि त्याखालच्या चार-सहा इंचांच्या बंद पोकळीत तर हवाही खेळत नाही. पाकिटावरचे आयुष्याचे तास बहुधा एलईडी चिपचे असतात, आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे लाइटला ठरावीक करंट पुरवणारी डबी. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. म्हणून फिटिंगचे अंग ॲल्युमिनियमचे असावे, हातात घेताच वजन जाणवले पाहिजे. ड्रायव्हर फिटिंगच्या पाठीवर न ठेवता वायरच्या लांबीइतका बाजूला ठेवावा आणि त्यावर काचलोकर किंवा थर्माकोल येऊ देऊ नये. गच्चीखालच्या खोलीत तर छतात गाडलेल्या लाइटपेक्षा बाहेरून बसणारा सरफेस लाइटच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला खोलीतली हवा लागते. जुन्या वाड्यांच्या माळवदालाही हाच मार्ग. तिथे भोके पाडू नयेत.

ड्रायव्हर वेगळा निघणारा असेल तर तो एकटा बदलता येतो. बदलताना त्यावर लिहिलेले मिलीअँपिअर तेवढेच हवेत. ३००च्या जागी ४५०चा जोडला तर लाइट आधी जास्त उजळतो आणि मग लवकर काळवंडतो. भोकासाठी वॉटवर विसंबू नका. सहा वॉटच्या लाइटचे कट-आउट, म्हणजे भोकाचे माप, कंपनीगणिक बदलते. पाकिटावरचे मिलिमीटर वाचून, लाइट हातात आल्यावरच होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारी करवत, लावावा. सीलिंगचा पत्र्याचा चॅनल कुठून जातो हे आधी पेन्सिलीने आखून घ्यावे. बंद केल्यावरही लाइट मंद पेटत राहत असेल तर अनेकदा स्विचमध्ये फेजऐवजी न्यूट्रल तोडलेला असतो. ती चूक जिवावर बेतू शकते. स्विच बंद असूनही फिटिंगमध्ये वीज असते. वायरमनला लगेच बोलवा.

बाहेरच्या आणि बाथरूमच्या लाइटला आयपी क्रमांक पाहावा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. बाथरूमला आयपी ४४, छत असलेल्या गॅलरीला आणि पोर्चला ५४, पावसाचा थेट मारा बसणाऱ्या छज्जाच्या कडेला ६५. पण बऱ्याच डाउनलाइटवरचा ६५ फक्त समोरच्या काचेपुरता असतो, पाठ उघडीच असते. छज्जात पाणी येते ते वरून, स्लॅबमधून पाइपाच्या वाटेने. म्हणून केबलच्या भोकाला रबरी ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारे बूच, हवाच आणि वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब फिटिंगच्या आधीच गळून पडतो. काचेच्या आत वाफ धरते तीही अशाच फटीमुळे. तापलेल्या फिटिंगवर पहिला पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि फट असेल तिथून दमट हवा ओढली जाते. धातूच्या अंगाला अर्थिंग आणि सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच सर्किट तोडणारा स्विच), यात काटकसर नको.

बाहेरही ३००० केल्विनच घ्यावा, पावसाळी पाखरे त्यावर कमी येतात. झोत सरळ खाली ठेवावा. उन्हाळ्यात आपल्याकडे माणसे गच्चीवर झोपतात, शेजाऱ्याच्या तोंडावर रात्रभर उजेड मारू नये.

चादरी-टॉवेलच्या दुकानांना सीआरआय ९०चे लाइट हवेत. सीआरआय म्हणजे उजेड वस्तूचा रंग किती खरा दाखवतो त्याचा आकडा. ७०च्या उजेडात डाळिंबी आणि विटकरी यांतला फरक मरतो, आणि गिऱ्हाइकाला तो घरी गेल्यावर दिसतो.

खरेदीच्या वेळी पाकिटावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, बीआयएस केअर ॲपवर तो तिथल्या तिथे तपासता येतो. दुकानदारांना एक विनंती: ३०००, ४००० आणि ६५०० केल्विनचे तीन लाइट शेजारी शेजारी एका फळीवर लावून ठेवा आणि खाली एक रंगीत चादर पसरा. गिऱ्हाईक दोन मिनिटांत ठरवेल.

— विद्युत जोडणीच्या कामातील एक वाचक, जुळे सोलापूर