सई, पेपर कशात लिहायचा ते ठरवण्याआधी

प्रिय सई,

काल फोनवर तू म्हणालीस की ग्रुपमध्ये चौघांच्या चार तऱ्हा झाल्यात, एकाला वर्डच हवंय, एक जण लेटेक (LaTeX, साध्या मजकुरात कमांड लिहून पेपर मांडायची पद्धत) सोडून कशाला हात लावत नाही, आणि सरांना तर पीडीएफवरच खुणा करायच्यात. पहिलाच संशोधन पेपर, त्यात इतके लेखक आणि चाळीसेक समीकरणं, तर तुझी घालमेल कळते मला. माझं कामच हस्तलिखितं छपाईसाठी तयार करायचं आहे, रोज असल्या फायली हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, सावकाश वाच.

सगळ्यात आधी जर्नल कुठलं ते पक्कं करा, कारण अर्धा वाद तिथेच मिटतो. गणित-फिजिक्सची बरीच जर्नलं स्वतःचं लेटेक टेम्प्लेट देतात, बायोलॉजी-मेडिकलकडे बहुतेक वर्ड चालतं. आणि पेपर अर्काइव्हवर (arXiv, जर्नलात छापण्याआधी पेपर सगळ्यांसाठी ठेवायची साइट) टाकायचा असेल तर लक्षात ठेव, लेटेकमधून बनवलेली नुसती पीडीएफ ते घेत नाहीत, मूळ सोर्स, म्हणजे लेटेकची फाइल, मागतात.

आता वर्डबद्दल, कारण तुझा लेटेकवाला मित्र त्याला नावं ठेवतोय आणि ते मला पटत नाही. २००७ पासून वर्डमध्ये जो समीकरणाचा एडिटर आहे तो खरंच चांगला आहे, अल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की चौकट उघडते, नव्या वर्डमध्ये लेटेकच्या कमांडही चालतात. पाच-सहा समीकरणं असती आणि ती पुढे बदलणार नसती तर मी तुला डोळे झाकून वर्ड घे म्हटलं असतं. पण तुमच्याकडे चाळीस आहेत आणि ती अजून बदलतायत, आणि गाडी अडते ती इथेच. समजा दुसऱ्या सेक्शनमध्ये कोणी एक नवं समीकरण घातलं, तर पुढचे सगळे नंबर एकाने सरकतात, आणि मजकुरात जिथे जिथे "समीकरण ७ वरून" असं हाताने लिहिलंय ते सगळं चुकीचं होतं, पण चुकलंय असं कुठे दिसतच नाही गं, वाचणारा सरळ भलत्याच समीकरणाकडे जातो आणि रिव्ह्यूअरला वाटतं यांचं गणितच गडबडलंय. वर्डमध्ये नंबर आणि क्रॉस-रेफरन्स (मजकुरातले त्या नंबरांचे उल्लेख) आपोआप करता येतात, पण ते सगळ्या लेखकांनी न चुकता पाळायला लागतं आणि इतक्या जणांत तसं होत नाही. लेटेकमध्ये समीकरणाला एक लेबल द्यायचं, मजकुरात त्या लेबलचा संदर्भ द्यायचा, नंबर तो स्वतः लावतो, आणि लेबल सापडलं नाही तर पीडीएफमध्ये दोन प्रश्नचिन्हं छापतो, म्हणजे चूक डोळ्यांवर येते. सहलेखकांच्या पेपरात मला ह्या एका गोष्टीचं मोल बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटतं.

दुसरं म्हणजे चिन्हं. तू व्हेक्टर ठळक अक्षरात लिहितेस, दुसरा वर बाण देतो, आणि शेवटच्या आठवड्यात ठरतं की सगळीकडे ठळकच ठेवायचं. लेटेकमध्ये सुरुवातीलाच व्हेक्टरसाठी एक कमांड ठरवून ठेवलीत तर एक ओळ बदलायची आणि सगळा पेपर बदलतो. वर्डमध्ये एकेक समीकरण उघडत बसायचं, आणि त्यात एखादं राहतंच.

आणि टिकण्याचं बघ. वर्डमध्ये पूर्वी इक्वेशन एडिटर नावाचा वेगळा छोटा प्रोग्राम असायचा, त्यात २०१७ मध्ये गंभीर सुरक्षा दोष सापडला आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला. जुन्या फायलींमधली समीकरणं दिसत होती पण तिथल्या तिथे दुरुस्त करता येईनात, त्यासाठी मॅथटाइप हा समीकरणांचा वेगळा प्रोग्राम हवा, नाहीतर ती नव्या रूपात बदलून घ्यायला हवीत. मॅथटाइपचंही तेच, ज्याच्याकडे ते विकत घेतलेलं आहे तोच बदल करणार, बाकीचे नुसते बघणार. लेटेकचं समीकरण म्हणजे साधा मजकूर असतो, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतं. डोनाल्ड क्नुथ यांनी टेक (TeX) या मूळ प्रोग्रामचं काम १९७७-७८ च्या सुमारास सुरू केलं, त्यावर लॅम्पोर्ट यांनी लेटेक उभं केलं, आणि १९९४ पासूनच्या फायली थोड्याफार दुरुस्तीने आजही चालतात.

जे काय निवडाल ते निवडा, पण समीकरण फोटो म्हणून चिकटवू देऊ नकोस कोणाला. ते बदलता येत नाही, मोठं केलं की फाटतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही. वर्डची फाइल जुन्या डॉक (.doc) प्रकारात सेव्ह केली तरी समीकरणांचे फोटो होतात, हे वर्डवाल्याला आवर्जून सांग. गूगल डॉक्स चर्चेला छान आहे, पण समीकरणांना आपोआप नंबर देत नाही, त्यामुळे चाळीस समीकरणांना तोकडं पडेल. टिप्स्ट (Typst) हा लेटेकसारखाच नवा प्रोग्राम, तो मला मनापासून आवडतो, २०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, झटपट चालतो, लिहायला सोपा आहे, पण जर्नलं अजून बहुतेक वर्ड नाहीतर लेटेकच मागतात, तेव्हा तो तुझ्या स्वतःच्या नोट्ससाठी ठेव.

तर माझं मत, ओव्हरलीफ या वेबसाइटवर लेटेक. काही इन्स्टॉल करायला नको, ब्राउझरमध्ये सगळे एकाच फाइलवर काम करतात, आणि त्यात व्हिज्युअल एडिटर आहे, वर्डची सवय असलेल्यालाही हात लावता येतो. फक्त फुकट खात्यात सहलेखक किती जोडता येतात आणि कंपाइलला, म्हणजे फाइलची पीडीएफ बनवायला, किती वेळ मिळतो यावर मर्यादा आहेत, बदल ट्रॅक करायची सोय पैसे भरून मिळते, तेव्हा युनिव्हर्सिटीचं खातं आहे का ते आधी विचार. अधूनमधून सगळा प्रोजेक्ट झिप करून उतरवून ठेवत जा. आणि एक नियम सगळ्यांना घाल, कंपाइल न होणारी फाइल तशीच टाकून उठायचं नाही, कारण एकाचा कंस सुटला की बाकीचे सगळे अडकतात. एका ओळीत एकच वाक्य लिहा, मग कोणी काय बदललं ते पटकन दिसतं, आणि दोन आवृत्त्यांतला फरक रंगात दाखवायला लेटेकडिफ नावाचं टूल आहेच. सरांना ओळींचे नंबर छापलेली पीडीएफ दे, त्यांच्या खुणा तू स्वतः फाइलमध्ये उतरव.

वर्डवाल्याबद्दल मात्र जपून वाग. प्रयोग त्याचा आहे, आणि कमांड येत नाहीत म्हणून तो मागे पडला असं त्याला वाटता कामा नये. त्याने त्याचा मजकूर वर्डमध्येच लिहू दे, समीकरण असेल तिथे कागदावर लिहून द्यावं, ते बसवायचं काम तू घे, बसवल्यावर त्याच्याकडून एकदा तपासून घे, कारण उतरवताना एखादा मायनस गळतो आणि तो फक्त ज्याचं गणित त्यालाच दिसतो.

जर्नल ठरलं की टेम्प्लेट उतरव आणि चिन्हांची यादी आधी सगळ्यांकडून मंजूर करून घे, लिहायला मग बसा. ती यादी मलाही पाठव, रविवारी बसून बघते. आणि जेवत जा गं वेळेवर.

तुझी,
आई