आरोग्यमंत्री साहेब, ते पित्त नव्हतं

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, माझ्या आईचं डोकं महिन्यातनं तीन-चारदा दुखायचं, एकच बाजू, नुसती ठणकायची, मग ती खिडक्या लावून कपाळाला फडका आवळून पडून राहायची आणि उलटी झाली की सगळे म्हणायचे, पित्त पडलं, आता बरं वाटेल. वीसेक वर्षं हेच. सरकारी दवाखान्यात गेलं की केसपेपर, एक दुखण्याची गोळी, एक पित्ताची, फारच झालं तर कमरेत इंजेक्शन. उजेड सहन होतो का, हे एकानेही विचारलं नाही.

मला तिशीत तेच सुरू झालं तेव्हा शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, आणि याचा पोटाशी संबंध उलटीपुरताच. मेंदू वजनाला शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं साधारण 15 टक्के एकटा घेतो. कुठल्या भागाला कधी किती द्यायचं ते केमिकल्सवर चालतं, जो भाग कामाला लागतो तिथे नायट्रिक ऑक्साइडसारखे निरोप सुटतात आणि तिथल्या बारीक वाहिन्या रुंदावतात. अर्धशिशीत गडबड होते ती मेंदूच्या आवरणात. चेहऱ्याची जी ट्रायजेमिनल नस आहे (रक्ताची नव्हे, संवेदना नेणारी) तिची टोकं तिथल्या रक्तवाहिन्यांना लगटून असतात, ती सीजीआरपी नावाचं केमिकल सोडतात, वाहिन्या फुगतात, नस आणखी चाळवते. नुसत्या फुगण्यानेच दुखतं हे आता मानत नाहीत, मूळ बिघाड नसेतच धरतात. गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांनी 1990 मध्ये दुखणं चालू असलेल्या पेशंटच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासून सीजीआरपी वाढलेलं दाखवलं, मेंदूच्या संशोधनासाठी दिलं जाणारं ब्रेन प्राइझ 2021 मध्ये मिळालेल्या चौघांत हे दोघं आहेत. म्हणजे बायकांची नाटकं म्हणणाऱ्यांना दाखवायला रक्ताचा रिपोर्ट आहे की हो! (बायकांची म्हटलं कारण हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना साधारण तिप्पट.)

सुमाट्रिप्टान नावाची गोळी सेरोटोनिन या शरीरातल्याच केमिकलची नक्कल करून त्या वाहिन्या आवळते आणि सीजीआरपी सुटणं पण रोखते. नव्वदच्या दशकापासून आहे, 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आमच्या आरोग्य केंद्रात मी विचारलं तर फार्मासिस्ट म्हणाले, मॅडम, नाव पहिल्यांदा ऐकतोय.

मागणी फार मोठी नाही. ही गोळी आणि वारंवार दुखणाऱ्यांसाठी, दुखणं कमी वेळा यावं म्हणून, प्रोप्रॅनोलॉल किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा. ओपीडीत तीनच प्रश्न विचारायला लावा: मळमळतं का, उजेड नको वाटतो का, दुखण्यापायी काम बुडतं का. दोनाला हो आलं तर नीट तपासा, पित्त म्हणून परत पाठवू नका. आणि आशाताईंना एवढं तरी शिकवा की दर महिन्यात 15-15 दिवस मेडिकलमधल्या दुखण्याच्या गोळ्या खात राहिलं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, आमच्या गल्लीत निम्म्या बायकांच्या पर्समध्ये ती पट्टी असते.

सुमाट्रिप्टान डॉक्टरांनी बघूनच द्यायला हवी हे पण सांगते, कारण ती हृदयाच्या वाहिन्या पण थोड्या आवळते. गेल्या वर्षी आईची अँजिओप्लास्टी झाली, तिला आता ती चालत नाही. फडकाच बांधते.

आपली,
एक अर्धशिशीवाली