पहिल्याच सामन्यात बाहेर? पोरांना निदान तीन मॅच तरी खेळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शालेय फुटबॉलच्या बातम्या सध्या तुमच्या सांगली पानावर येतायत, अमुक शाळेची तमुक शाळेवर ४-० ने मात, टायब्रेकरवर अमक्यांचा निसटता विजय, खाली विजयी संघाचा पाहुण्यांसोबत फोटो. बातमीबद्दल तक्रार नाही, उलट तेवढी तरी येते हेच खूप. माझं म्हणणं त्या शाळांबद्दल आहे ज्यांचं नाव ‘पराभूत’ म्हणून एकदा छापून येतं आणि मग पुढच्या वर्षापर्यंत परत येत नाही, कारण त्यांचा त्या वर्षीचा फुटबॉल तिथंच संपलेला असतो. एक मॅच, तीही पंधरा-पंधरा नाहीतर वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, झालं, बॅगा उचला आणि स्टँडवर चला.

आपल्याकडं पहिल्या फेरीपासूनच बाद पद्धत. मैदानावर टेबल टाकून चिठ्ठ्या उचलायच्या, ज्याचं नशीब चांगलं त्याला पुढे चाल, कुणाच्या समोरचा संघ आलाच नाही म्हणून वॉकओव्हर, आणि ज्याचं नशीब फुटकं त्याच्या समोर गेल्या वर्षीचा विजेता. सोळा संघ आले तर आठ संघ पहिल्या फेरीतच घरी. म्हणजे स्पर्धेला आलेल्या निम्म्या पोरांना वर्षभरात फक्त अर्धा-पाऊण तास फुटबॉल मिळतो. त्यातही जे बेंचवर बसले त्यांना तेवढाही नाही.

यंदा जिल्ह्याच्या सामन्यांना मी उगाच जाऊन उभा राहिलो होतो, माझा पोरगा त्या वयोगटात नव्हता, तरी सवय. जतच्या बाजूनं एक संघ आलेला, म्हणजे ऐंशीच्या वर किलोमीटर एसटीनं, पहाटे अंधारात निघालेले असणार. अर्ध्या पोरांकडं स्टड नव्हते, साधे शाळेचे कॅनव्हासचे बूट, एकानं शिनगार्ड मोज्यात बसेना म्हणून वरनं इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. अकराची मॅच एक वाजता सुरू झाली. आदल्या रात्री पाऊस, काळी माती, बुटाखाली असा काही थर बसायचा की पोरगं पळतंय का चिखल वाहून नेतंय तेच कळंना. शून्य-शून्य. लगेच टायब्रेकर. तिसरी पेनल्टी मारणाऱ्याचा टेकू देणारा पाय सरकला, बॉल बारच्या दोन हात वरनं गेला, आणि विषय संपला. दोन वाजता पोरं झाडाखाली भडंग खात बसलेली. त्यातला एक बारका पोरगा, जर्सी स्वच्छ पांढरी, एक डाग नाही. अख्खी मॅच लाइनच्या बाहेर इकडून तिकडं वॉर्मअप करत होता, सरांकडं बघत होता, सरांनी काय त्याला आत घेतलं नाही.

सरांची पण चूक नाही ओ. हरलं की बाहेर म्हटल्यावर नवख्या पोराला आत घ्यायची रिस्क कोण घेणार. आणि इथंच मला वाटतं खरा लोचा आहे, म्हणजे पोरांना वाईट वाटतं वगैरे ते आहेच पण त्याच्यापेक्षा मोठं नुकसान खेळाचं होतं. नॉकआउट म्हटलं की प्रत्येक सर एकच शिकवतात, बॉल आला की उडवा. मागं दोन उंच आडदांड पोरं ठेवायची, पुढं एक पळणारा, आणि मधली चार-पाच पोरं मान वर करून डोक्यावरनं जाणारा बॉल बघत उभी. पास देऊन खेळायला जावं तर चिखलात बॉल अडकतो, चुकला तर गोल, गोल झाला तर घरी. मग कोण कशाला पास देईल? बॉल पायात ठेवणारं, डोकं चालवणारं एखादं पोरगं असलं तर त्यालाच सगळ्यात जास्त शिव्या बसतात, “ए खेळवत बसू नको, मार पुढं!” हे मी प्रत्येक मैदानावर ऐकतो, अगदी पालकांच्या तोंडून पण. आणि मग आपणच म्हणायचं की इथल्या पोरांना टेक्निक नाही.

आता जरा २०१७ आठवा. सतरा वर्षांखालचा फिफा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला, त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवले, नेत्यांनी पण बॉलला पाय लावून फोटो काढले. भारताच्या त्या संघात आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पहिली मॅच अमेरिकेशी, ०-३ हरलो. आपल्या जिल्ह्याच्या नियमानं तिथंच घरी. पण ती वर्ल्ड कप स्पर्धा होती, २४ संघ, चार-चारचे सहा गट, प्रत्येकाला तीन मॅच मिळणारच. म्हणून तीन दिवसांनी, ९ ऑक्टोबरला कोलंबियाशी परत उभं राहता आलं, आणि त्या मॅचमध्ये कॉर्नरवर जीकसन सिंगनं हेडर मारला, फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. मॅच १-२ गेली, पुढची घानाशी ०-४ गेली, ते सोडा. गोल दुसऱ्या मॅचमध्ये आला, एवढंच मला म्हणायचंय. दुसरी मॅच नसती तर तो गोलही नसता.

दिल्लीत १९६० पासून चालणारा सुब्रतो कप घ्या, देशातली शाळांची सगळ्यात मोठी स्पर्धा. तिथं पोचलेल्या संघांना आधी गटात साखळी सामने, मग बाद फेरी. म्हणजे गंमत बघा, वर्ल्ड कपला साखळी, दिल्लीला साखळी, आणि खाली जिल्ह्याला, जिथं पोरगं पहिल्यांदा दुसऱ्या शाळेशी खेळतंय, तिथं एक चूक की बाहेर. जो आधीच तयार आहे त्याला जास्त मॅच आणि जो शिकतोय त्याला एक. हे उलटं नाही का? तासगावकडं कुणी द्राक्षाची बाग लावली आणि पहिल्याच वर्षी घड धरला नाही म्हणून कुऱ्हाड चालवली तर आपण त्याला वेड्यात काढू.

माझी भाची अमेरिकेत टेक्सासमध्ये असते, तिचा मुलगा तिथल्या हायस्कूलमध्ये. त्यांचा फुटबॉल वेगळा, लांबट बॉल हातात धरून पळायचा आणि हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं, मला त्यातलं निम्मं कळत नाही. पण दर शनिवारी सकाळी तिचे व्हिडिओ येतात, कारण तिथं शुक्रवारी रात्री मॅच असते, अख्खं गाव स्टेडियमवर. तिनं सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक शाळा साधारण दहा सामने खेळते, आपापल्या गटातल्या आसपासच्या शाळांशी आणि काही बाहेरच्यांशी. मग गटातले वरचे चार संघ बाद फेरीत. म्हणजे नोव्हेंबरात पहिली नॉकआउट मॅच खेळायला उतरणारं पोरगं आधी दोन-अडीच महिने खेळून, हरून, जिंकून, पडून झडून आलेलं असतं. हरलं तरी सीझन खेळून हरलेलं असतं. जे चौघांत आले नाहीत त्यांचेही दहा सामने झालेलेच असतात. पहिल्या फेरीच्या आधी त्या गावात काय वातावरण असतं म्हणता, दुकानांच्या काचांवर पोरांच्या संघाचे रंग, बँड, सगळं. आपल्याकडं पहिल्या फेरीच्या आधी काय असतं तर पीटीचे सर पोरांच्या जन्मदाखल्यांच्या झेरॉक्सवर सही-शिक्के घेत फिरत असतात.

त्यांच्यासारखं स्टेडियम वगैरे मी मागत नाहीये. टेक्सासमध्येच ॲलन नावाच्या गावात एका हायस्कूलसाठी १८,००० लोक बसतील असं स्टेडियम बांधलं, सुमारे ६ कोटी डॉलर, २०१२ ला उद्घाटन आणि २०१४ ला काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून काही काळ बंद. तेव्हा त्या बाबतीत आपण फार मागं नाही. मला त्यांच्याकडनं फक्त एक गोष्ट हवीय, आधी सगळ्यांना खेळू द्या आणि मग बाद करा.

हे बोललं की लगेच चार उत्तरं मिळतात. पैसे नाहीत, पंच नाहीत, मैदान नाही, आणि वरनं तारखा आल्यात, त्याच्या आत विभागीयला टीम पाठवायचीय. तारखांचं खरं आहे, त्यात खालच्या माणसाच्या हातात फार काही नसतं हे मान्य. सातारा-कराडकडचे ओळखीचे क्रीडाशिक्षकही हेच रडगाणं गातात. पाचवं उत्तर म्हणजे हा जिल्हा कुस्तीचा, हिंदकेसरी मारुती मानेंचा, इथं फुटबॉल कोण बघतो. अहो मग विजय हजारे सांगलीत जन्मले, स्मृती मानधना इथंच माधवनगरला बॅट धरायला शिकली, तेव्हा क्रिकेटला कुणी म्हटलं का की हा जिल्हा कुस्तीचा आहे? आणि पन्नास किलोमीटरवर कोल्हापूरला शाहू स्टेडियममध्ये केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगच्या मॅचला काय गर्दी असते ते जाऊन बघा, पाटाकडील नाहीतर दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की आपल्या मिरजेची पोरंपण गाड्या काढून जातात. त्या लीगमध्ये संघ हरला तरी पुढच्या आठवड्यात परत उतरतो. कोल्हापूरची पोरं पाण्यातच वेगळी आहेत असं नाही, त्यांना मॅच जास्त मिळतात.

हिशोब करून दाखवतो. सोळा संघ, बाद पद्धत, एकूण सामने पंधरा. त्याच सोळा संघांचे चार-चारचे गट केले तर गटातले सामने चोवीस, मग चार गटविजेत्यांची सेमीफायनल आणि फायनल, तीन सामने. एकूण सत्तावीस. म्हणजे फक्त बारा सामने जास्त, आणि प्रत्येक शाळेला किमान तीन मॅच. हे चोवीस सामने जिल्हा स्पर्धेच्या तारखांत बसत नसतील तर बसवूच नका, ते आधी खेळवा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की महापालिका हद्दीतल्या सांगली, विश्रामबाग, मिरज, कुपवाडच्या शाळांनी आपापसात ठरवून शनिवारची लीग घ्यावी. प्रत्येक संघाची शनिवारी एकच मॅच, म्हणजे दिवसाला आठ सामने, दोन मैदानांवर चार-चार, सकाळी आठला सुरू करून बारा-साडेबाराला पोरं घरी. तीन शनिवारांत गट पूर्ण, पावसानं एखादा खाल्ला तर चौथा. एसटीचा खर्च नाही, सायकलवर येतील. जत, आटपाडी, शिराळ्याकडच्या शाळांनी आपल्या भागात अशीच चार-चार शाळांची जुळणी करावी, कप नको, पाहुणे तर अजिबात नकोत, कारण पाहुण्यांची वाट बघण्यात दोन मॅचचा वेळ जातो. पंच म्हणून कॉलेजची आणि क्लबची सिनियर पोरं आहेत की, त्यांना नाश्ता आणि गाडीचं पेट्रोल दिलं तरी येतील, मी दोघातिघांना विचारलंय. आणि या लीगमधले पहिले चार संघ जिल्ह्याच्या ड्रॉमध्ये वेगवेगळ्या कोपऱ्यात टाकावेत, म्हणजे दोन तगडे संघ पहिल्याच फेरीत एकमेकांवर आपटून एक उगाच बाहेर जायचा प्रकार तरी थांबेल. खेळाचे वाढीव गुण दहावी-बारावीला मिळतात म्हणून शाळा जिल्हा-विभागाच्या सर्टिफिकेटमागं असतात, असू देत, त्या स्पर्धा आहेत तशाच राहतील.

एक अट मात्र घालावी. लीगच्या प्रत्येक मॅचमध्ये टीम शीटवरच्या प्रत्येक पोराला निदान एक हाफ खेळवायचाच. हरलात तरी चालतंय, पुढच्या शनिवारी मॅच आहेच. मग बघा सर लोकच पास द्यायला शिकवतील, कारण एका गोलनं वर्ष संपणार नाही.

तुमच्याकडं मागणं एवढंच की ही लीग सुरू झाली तर रविवारच्या अंकात तिचा गुणतक्ता छापा, आयपीएलचा छापता तसाच, खेळले, जिंकले, हरले, गोल. कोपऱ्यात दहा ओळींची जागा पुरते. शेवटच्या नंबरवरच्या शाळेचं नावही तीन आठवडे पेपरात येऊ द्या, आणि गोल करणाऱ्या पोरांची नावं द्या, पाहुण्यांची नकोत. निकाल गोळा करून शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत तुमच्या ऑफिसला व्हॉट्सअपवर पाठवायची जबाबदारी आम्ही दोन-तीन पालक घेतो. विश्रामबागेतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, ते तयार आहेत, अजून तीन शाळा मिळाल्या की पहिला गट होतो. ज्या शाळांना यायचंय त्यांनी तुमच्यामार्फत कळवावं.

आपला,
एक पालक आणि माजी गोलकीपर
विश्रामबाग, सांगली