म्युझिक सिस्टीम उघडणाऱ्या चाचांना : एक अनावृत आभारपत्र

आदरणीय चाचा,

सविनय नमस्कार.

दुरुस्तीचे पैसे मी दिले, तुम्ही कोणत्या कामाचे किती हे लिहिलेली चिठ्ठी दिली, आणि आपला व्यवहार तिथेच पुरा झाला असे तुम्ही म्हणालात. त्या चिठ्ठीत एका गोष्टीची रक्कम नव्हती. हात कुठे घालायचा, कुठे घालायचा नाही आणि कोणत्या क्रमाने घालायचा, हे तुम्ही काम करता करता मला समजावून सांगत होता, त्याचे मोल राहून गेले. म्हणून हे आभारपत्र लिहितो आहे, आणि लातूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर या भागात ज्यांच्या घरी अशी जुनी सिस्टीम अजून टिकून आहे त्यांनाही ते वाचता यावे म्हणून उघडपणे लिहितो आहे. गंजगोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कोणत्या रस्त्यावर तुमचे दुकान आहे, हे मात्र तुमच्या इच्छेप्रमाणे लिहीत नाही.

आमची सिस्टीम नव्वदच्या दशकातली. ॲम्प्लिफायर वेगळा, सीडी प्लेअर वेगळा आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर. प्लेअर सीडी घेऊन काही वेळ घरघरत असे आणि मग ‘नो डिस्क’ दाखवून थांबत असे, ट्रे अर्ध्यात अडकत असे, आणि डाव्या स्पीकरमधून सतत हम, म्हणजे एकसुरी घरघर, येत असे. तुमच्याकडे येण्याआधी एका दुकानात लेझर गेल्याचा निकाल मिळाला होता आणि हम घालवण्यासाठी थ्री-पिनमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकावी, असा सल्लाही मिळाला होता. तो सल्ला ऐकल्यावर तुमच्या कपाळाला पडलेली आठी मला अजून आठवते. तुम्ही म्हणालात, “सर, आवाज जाईल, पण मग बॉडीला करंट आला तर त्याला जायला तुमच्या हाताशिवाय वाट राहणार नाही.” ज्या उपकरणाच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला दुहेरी इन्सुलेशन असल्यामुळे अर्थिंग लागत नाही, परंतु ज्याला कंपनीने तीन पिना दिल्या आहेत, त्याची तिसरी पिन कोणत्याही कारणाने काढायची नाही, हे तेव्हाच पक्के समजले.

तुम्ही पेचकस उचलण्याआधी वायरची अख्खी पिन (प्लग) बोर्डातून काढली आणि ती टेबलावर, दोघांनाही दिसेल अशी ठेवली. बटण बंद असताना एवढे कशाला, असे मी विचारले तेव्हा तुम्ही सांगितले की जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये काही वेळा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते, म्हणजे बटण बंद असूनही २३० व्होल्टची फेज यंत्रापर्यंत पोचलेलीच असते. शिवाय रिमोटने बंद केलेली सिस्टीम स्टँडबायवर असते आणि तिच्या आतला काही भाग चालूच राहतो. पिन डोळ्यांसमोर असली की दुकानातला दुसरा कोणी नकळत ती लावूही शकत नाही.

ॲम्प्लिफायरचे झाकण निघाल्यावर मला वाटले की आता धोका संपला. तुम्ही मात्र मल्टिमीटर डीसीवर ठेवून ट्रान्सफॉर्मरजवळच्या दोन मोठ्या, वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरवर टेकवला, आणि पिन काढून बराच वेळ झाला असतानाही त्यावर व्होल्टेज दाखवत होते. एरवी ॲम्प्लिफायरचे सर्किट हा चार्ज हळूहळू ओढून घेते, पण पुढचा फ्यूज उडालेला असला किंवा जोड सुटलेला असला तर त्याला जायला वाट नसते, आणि तो तसाच बसून राहतो. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४० व्होल्टला भरलेला असला तर त्यात ८ ज्यूल ऊर्जा असते. तो स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची जी पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, ती तुम्ही ठामपणे चुकीची ठरवली: ठिणगी उडते, टोके भाजतात, कपॅसिटरला इजा होते आणि वितळलेल्या धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो. तुम्ही १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर (चार्ज सावकाश उतरवणारा अडथळा) वेष्टण असलेल्या क्लिपांनी जोडला, काही क्षण थांबलात आणि पुन्हा मीटर लावून काटा शून्यावर आल्याची खात्री केलीत. दुसऱ्यांदा मोजण्याची ही सवय मला सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण घाईच्या माणसाकडून नेमके तेच राहून जाते.

त्यानंतर फ्यूजच्या जागी काय निघाले, ते सांगायलाच हवे. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी काचेचा फ्यूज काढून तिथे तांब्याच्या तारेचा वेढा दिला होता. तुम्ही तो चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवलात आणि काहीही बोलला नाहीत. मागच्या पट्टीवर छापलेले फ्यूजचे माप वाचून तेवढ्याच अँपिअरचा आणि ‘टी’ अक्षर असलेला फ्यूज तुम्ही बसवला. ट्रान्सफॉर्मर चालू होताना पहिल्या क्षणी जास्त करंट ओढतो, म्हणून तिथे हळू उडणारा फ्यूज लागतो आणि ‘टी’ ही त्याची खूण आहे, हेही सांगितलेत. तारेच्या वेढ्यावर आमची सिस्टीम किती काळ चालली असेल, याचा विचार मी आजही टाळतो.

आता लेझरविषयी. ज्या लेझरला भंगाराचा दाखला मिळाला होता, तो जिवंत आहे की नाही हे तुम्ही काहीही न बदलता तपासलेत. प्लेअरची पिन लावून सीडी न घालता ट्रे बंद होऊ दिला, आणि आतली छोटी भिंग फोकस शोधण्यासाठी वर-खाली हलते का, ते हातभर अंतरावरून आणि तिरकस पाहिले. मी वाकून बघायला लागलो तसा तुमचा हात आडवा आला. सीडीचा लेझर सुमारे ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळपास अदृश्य असतो; दिसते ती अगदी फिकट लालसर झाक, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि डोळ्याच्या पडद्याला इजा झाली तरी त्या क्षणी कळत नाही. झाकण बंद असताना हे यंत्र पूर्ण सुरक्षित असते, आणि ते उघडल्यावर लेझर बंद करणारा जो छोटा स्विच असतो, तो काडी घालून दाबून ठेवण्याची युक्ती कोणी सांगितली तरी करू नये, असे तुम्ही निक्षून सांगितलेत.

भिंग हलत होती. मग पिन पुन्हा काढून तुम्ही रबरी फुग्याने धूळ उडवली, तोंडाने फुंकर घातली नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक थेंब जातात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून तुम्ही भिंगेवरून इतक्या हलक्या हाताने फिरवलीत की बाळाच्या डोळ्यातले काजळ पुसावे तसे वाटले. ही भिंग बारीक तारांवर तोललेली असते आणि बहुधा प्लास्टिकची असते, म्हणून थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रावण तिथे कधीच चालत नाही.

एवढे झाल्यावर सीडी लागली, परंतु शेवटची गाणी अडखळू लागली. इथे तुम्ही जे निदान केलेत, त्याला मी खरी कारागिरी म्हणतो. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेली आणि १९८२ साली बाजारात आलेली ही सीडी ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट, आतून बाहेर वाचली जाते. आतल्या कडेला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर येता येता २०० पर्यंत उतरते. त्यामुळे पहिलेच गाणे लागायला त्रास होत असेल तर फिरवणाऱ्या मोटरवर संशय घ्यायचा, आणि सुरुवात नीट होऊन शेवट अडखळत असेल तर पिकअप, म्हणजे लेझर आणि भिंग बसवलेला भाग, ज्या दांड्यावरून सरकतो तिथले ग्रीस पाहायचे. आमच्या प्लेअरमधले ग्रीस सुकून मेणासारखे घट्ट झाले होते. तुम्ही ते पुसून प्लास्टिकला चालणारे पांढरे ग्रीस अगदी थोडे लावलेत, ट्रेचा चकाकी येऊन घसरणारा रबरी बेल्ट बदललात, आणि प्लेअर सुरळीत झाला. पिकअपवरचा तो बारीक स्क्रू फिरवून लेझरचा करंट वाढवावा का, असे मी विचारले होते. “फिरवतो म्हटलं तर लगेच वाजेल, आणि काही दिवसांनी कायमचा झोपेल,” असे म्हणून तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. त्या स्क्रूचा अर्धा फेरा देऊन नवीन पिकअपचे पैसे घेणे तुम्हाला अवघड नव्हते.

हमचे काम वेळखाऊ ठरले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असली तरी एसीची डीसी करणाऱ्या ब्रिजमधून गेल्यावर तिच्यातला चढउतार १०० हर्ट्झचा होतो, आणि कपॅसिटर तो गिळू शकला नाही की स्पीकरमधून तीच घरघर येते. डाव्या बाजूच्या कपॅसिटरचे डोके फुगले होते आणि त्याच्या पायाचा सोल्डर तडकला होता. लातूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि आमचा ॲम्प्लिफायर बंद शोकेसमध्ये, वरून क्रोशाचे कव्हर पांघरून बसलेला. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, हे तुमच्याकडून ऐकल्यावर ते कव्हर सौभाग्यवतींनी स्वतःहून काढून टाकले. (कव्हर त्यांनीच विणले होते, म्हणून हा त्याग लहान समजू नये.) नवीन कपॅसिटर तुम्ही तेवढ्याच क्षमतेचा, व्होल्टेजने जुन्याहून कमी नसलेला आणि १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारा निवडला, आणि वजा बाजूची पट्टी मला दोनदा दाखवली, कारण उलटा बसला तर तो फुटतो.

इतके करूनही तुम्ही थेट वीज दिली नाहीत. आधी सिरीज बोर्ड, म्हणजे यंत्राकडे जाणारी वीज बल्बमधून नेणारा बोर्ड, काढलात, त्याला १०० वॅटचा तारेचा बल्ब लावलात आणि स्पीकर सोडवून ठेवलेत. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे कपॅसिटर भरले आणि पुढे शॉर्ट नाही. तो पेटलेलाच राहिला असता तर आत कुठेतरी बिघाड उरला आहे असे समजून लगेच पिन काढायची. एलईडी बल्ब या कामाचा नाही. मग तुम्ही स्पीकरच्या जोडणीवर डीसी मोजलात, तो काही मिलिव्होल्टच होता. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असावा, आणि तिथे काही व्होल्ट आले तर स्पीकरची कॉइल जळू शकते, हे सांगूनच तुम्ही स्पीकर जोडलेत.

घरी मी काय करावे याची मर्यादा तुम्ही आखून दिलीत आणि मी ती पाळतो आहे. झाकणाच्या बाहेरचे काम माझे, आतले तुमचे. वळवाचा पाऊस येण्याआधी आभाळ दाटून आले की मी पिन आणि रेडिओची अँटेना दोन्ही काढून ठेवतो; बटणातल्या एवढ्याशा फटीचा विजेपुढे टिकाव लागत नाही. गेलेली वीज परत आली की लगेच सिस्टीम सुरू न करता दिवे नेहमीसारखे आहेत का ते पाहतो, कारण खांबावरचे न्यूट्रल तुटले असेल तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. सीडी पुसताना गोल न फिरवता मध्यापासून कडेकडे पुसतो. ट्रॅकच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा प्लेअरला भरून काढता येत नाही, आडवा बारीक ओरखडा मात्र बहुतेक वेळा भरून काढता येतो. छापील बाजू अधिक नाजूक असते, कारण ॲल्युमिनियमचा थर तिथे नुसत्या वार्निशखाली असतो, हे कळल्यापासून नातवाचा बॉलपेन सीडींच्या कपाटापासून दूर ठेवला आहे.

तुमच्या शेजारच्या टेबलावर काम शिकणारा मुलगा हे सगळे ऐकत होता. त्याला तुम्ही अजून लेझरच्या कामाला बसवलेले नाही, आधी फक्त मोजायला शिकवता आहात, हे पाहून मला माझ्या नोकरीतली वर्षे आठवली आणि मनोमन तुमचे म्हणणे पटले. त्यालाही माझे आशीर्वाद सांगावेत.

उजव्या स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होतो आहे, असे तुम्ही दाखवले होते. कोनची, म्हणजे स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याची, मापे तुम्ही सांगितल्याप्रमाणे घेऊन ठेवली आहेत. पोळा झाला की दोन्ही स्पीकर घेऊन येतो. तोपर्यंत आवाज बेताचाच ठेवीन.

आपला कृतज्ञ,
लातूरचा एक निवृत्त शिक्षक