सही नसलेला माणूस

सातारा, रविवार रात्र

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

फोन तू आपटलास की मी, यावर बाबांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते जाऊ दे. बोलताना माझा आवाज चढतो आणि मग मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसले. निविदा भरणाऱ्या त्या कंपनीने तुला स्वित्झर्लंडला बर्फात बोलावलंय, त्या चार दिवसांचा विषय काढणार नाही.

तू म्हणालीस, "आई, सही माझी नसतेच. मी नुसता तांत्रिक अभिप्राय देते." ते वाक्य डोक्यातून जात नाही. गेल्या जूनमध्ये तू आम्हाला तिकडे नेदरलँडमध्ये बार्नला नेलंस. सोस्टडाइकचा राजवाडा बंद, म्हणून रस्त्यावरूनच पाहिला. बाबा फोटो काढत होते आणि मी तुला विचारलं, बर्नहार्ड इथेच राहायचा ना? तू म्हणालीस, कोण? आठ वर्षं त्या देशात राहून "कोण"! तर ऐक. त्याचीही सही कुठेच नव्हती.

जर्मन माणूस, १९११ साली येना गावी जन्मलेला. घराणं लिप्पे-बीस्टरफेल्ड, म्हणजे राजपुत्र, पण पोटासाठी आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीच्या पॅरिसच्या कचेरीत नोकरी. जानेवारी १९३७ मध्ये डच राजकन्या युलियानाशी लग्न झालं आणि पुढे ती राणी झाल्यावर हा राणीचा नवरा. तिथल्या राज्यघटनेत राणीच्या कारभाराला मंत्री जबाबदार असतात. नवऱ्याला अधिकार असा काही नाही. अंदाजपत्रकाचं एक पान त्याच्या हाताखालून जात नव्हतं. पण युद्धात तो लंडनला होता, विमान चालवायला शिकला, १९४४ मध्ये देशांतर्गत सैन्याचा सेनापती झाला. लोकांना तो आवडायचा, कोटावर पांढरं कार्नेशन लावून फिरायचा. युद्ध संपल्यावर सैन्यदलांचा महानिरीक्षक, केएलएमच्या संचालक मंडळावर, फोकरच्याही मंडळावर. डच मालाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून लॅटिन अमेरिकेचे दौरे. १९५४ मध्ये ओस्टरबेकच्या बिल्डरबर्ग हॉटेलात युरोप-अमेरिकेतल्या बड्या लोकांची बंद दाराआड बैठक भरली, तिचा अध्यक्ष तो, आणि पुढची बावीस वर्षं तोच. १९६१ मध्ये वन्यजीव वाचवणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था निघाली, तिचाही पहिला अध्यक्ष तोच. दहा वर्षांनी त्या संस्थेसाठी एक हजार एक माणसांकडून प्रत्येकी १०,००० डॉलर गोळा करण्याची टूम निघाली, तिच्यामागेही हा होता. काम करणारा माणूस होता हे कबूल करायलाच हवं.

आता हे तपासणीच्या नजरेने बघ. विमानं घेणाऱ्या हवाई दलात हा, विमानं बांधणाऱ्या फोकरमध्ये हा, विमानं उडवणाऱ्या केएलएममध्येही हा. साधं तालुक्याचं भांडार तपासतानाही पहिला प्रश्न हाच विचारतात की मागणी करणारा, दर पाहणारा आणि माल उतरवून घेणारा एकच आहे का.

नेदरलँडने अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचं एफ-१०४ स्टारफायटर निवडलं. विमान लॉकहीडचं, पण युरोपात परवान्याने बांधणाऱ्या कारखान्यांत फोकरही होती. कंपनीला राजपुत्राचे आभार मानायचे होते. आधी ठरलं, त्याला जेटस्टार विमानच भेट द्यायचं. मग लक्षात आलं की विमान म्हणजे नोंदणी आली, मालकी बदलल्याचे कागद आले; ते लपणार कुठे? म्हणून पैसे. १० लाख डॉलर, १९६० ते १९६२ या काळात हप्त्याहप्त्याने, स्वित्झर्लंडमार्गे. माग काढत गेल्यावर सापडला तो पांचुलिडझेव नावाचा म्हातारा रशियन कर्नल, बर्नहार्डच्या आईच्या घरचा माणूस.

स्वित्झर्लंड हे नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तिथे आहेच.

पुढे १९६८. आणखी १ लाख डॉलर, चेकवर नाव "व्हिक्टर बार्न". बार्न, मुक्ता! तू गाडी लावलीस ते गाव. मला खटकलं ते वेगळंच. तेव्हा लॉकहीडला पाणबुड्या हुडकणारं ओरायन विमान खपवायचं होतं आणि डच नौदलाने तर फ्रेंच विमान घेतलं. म्हणजे सौदा हातचा गेला होता, तरी लाख डॉलर दिले. अमुक कामाचे असे ते नव्हतेच, ओळख टिकावी म्हणून होते. तुझी ती मंडळी म्हणतात ना, "सध्या आपली कुठलीच निविदा चालू नाही, तेव्हा संकोच कसला"? अनिकेतनेही मला हेच ऐकवलं. निविदा चालू नसतानाच बोलावतात गं. चालू असताना बोलावण्याइतकं मूर्ख कोण असतं?

घसरले परत. माफ कर.

१९७४ मध्ये ओरायनची खरेदी पुन्हा चर्चेत आली आणि बर्नहार्डने लॉकहीडच्या माणसाला स्वतःच्या हस्ताक्षरात दोन पत्रं लिहिली. कमिशन हवं होतं, हिशेब ४० ते ६० लाख डॉलरवर जाणारा. कंपनीने १० लाखांची तयारी दाखवली, तीही विमानं खपली तर. नाही खपली. पैसे डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी होते, असं त्याचं पुढे म्हणणं. एका पैचीही देवघेव झाली नाही, पण पत्रं राहिली.

१९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिनेटमध्ये फ्रँक चर्च यांच्या उपसमितीपुढे लॉकहीडच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितलं की नेदरलँडच्या एका बड्या व्यक्तीला ११ लाख डॉलर दिले. हेगमधल्या कुठल्या फायलीत हे सापडलं नव्हतं. सापडलं कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या हिशेबात. मी काल ओरडून सांगत होते ते एवढंच. तुझ्या कागदावर तुझी सही नसेल, पण त्यांच्या वहीत तुझं नाव असेल. देणारा नेहमी लिहून ठेवतो, कारण त्याला त्याच्या वरच्याला हिशेब द्यायचा असतो. हॉटेलची खोली, विमानाचं तिकीट, बर्फावरचे भाड्याचे बूट, सगळं कुणाच्या तरी खर्चाच्या विवरणात नावानिशी चढतं. तू विसरशील. ती नोंद तिथेच राहते.

पंतप्रधान योप डेन आउल यांनी तिघांची समिती नेमली. युरोपीय न्यायालयाचे न्यायाधीश डोनर, मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष होल्ट्रॉप आणि लेखापरीक्षण न्यायालयाचे अध्यक्ष पेशार. तिसरा हिशेब तपासणारा, आपल्या जातकुळीचा, म्हणून मला उगाच आनंद झाला. अडचण अशी की कर्नल वारला होता, बर्नहार्डची आईही वारली होती. दहा लाख खुद्द त्याच्या हातात पडले हे समितीला सिद्ध करता आलं नाही. विचारणार कोणाला? पण १९७४ ची पत्रं समोर होती, अक्षर त्याचं. २६ ऑगस्ट १९७६ ला अहवाल संसदेत आला. खटला झाला नाही. नवऱ्याला कोर्टात उभं केलं तर राणी गादी सोडेल, ही धास्ती होती. त्याने पदं सोडली, महानिरीक्षकपद गेलं, गणवेश घालायची बंदी झाली. त्या वर्षीची बिल्डरबर्गची बैठकच रद्द झाली. याच भानगडीत जपानचे माजी पंतप्रधान तानाका यांना अटक झाली, आणि १९७७ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध अमेरिकेने कायदा केला. तुझ्या कंपनीत दरवर्षी तुम्हाला ते कंटाळवाणं प्रशिक्षण घ्यावं लागतं ना, त्याचं मूळ तिथे आहे.

आणि लोक? लोकांनी त्याला टाकलं नाही. २००२ मध्ये अल्बर्ट हाइन या दुकानाच्या दोन नोकरांनी चोराला धरून बडवलं म्हणून दंड झाला, तो या म्हाताऱ्याने भरला, तर कोण कौतुक झालं! डिसेंबर २००४ मध्ये तो गेला आणि त्यानंतर छापायची या अटीवर दिलेली मुलाखत बाहेर आली. तीत दहा लाख घेतल्याचं कबूल केलेलं. नात्झी पक्षाचा सभासद नव्हतो असंही तो जन्मभर म्हणत राहिला. २०२३ मध्ये ते सभासदपत्र त्याच्याच खासगी कागदपत्रांत निघालं. जपून ठेवलेलं! मी दोन दिवस याच्यावरच विचार करते आहे. फाडून का नाही टाकलं?

तू बर्नहार्ड नाहीस, हे मला कळतं. चार दिवसांचा बर्फ आणि दहा लाख डॉलर यांची बरोबरी करणारी आई तुला विचित्र वाटत असेल. एकतिसाव्या वर्षी तुला निविदांच्या मूल्यमापन समितीवर घेतलं, सगळ्यांत लहान तू, तेव्हा माईंच्या फोटोपुढे पेढे ठेवून मी रडले होते. तुला कुणी सांगितलं नसेल. नंदूकाकांच्या वेळी आपल्या घराने काय बघितलं ते तुला आठवतं, तेव्हा तू सातवीत होतीस. तेही राहू दे.

एवढं मात्र कर. नकार फोनवर देऊ नकोस, व्हॉट्सअॅपवरही नको. कचेरीच्या मेलवरून दोन ओळी: आमंत्रणाबद्दल आभार, मी मूल्यमापन समितीवर असल्याने येऊ शकत नाही. तुझ्या वरिष्ठांना आणि तुमचं ते नियमपालन बघणारं खातं आहे त्याला प्रत लाव. "सध्या जमणार नाही" असं लिहू नकोस, त्याचा अर्थ पुढच्या हिवाळ्यात बोलवा असा होतो. त्यांनी तिकीट आधीच काढलं असेल तर रद्द केल्याचा कागद मागून घे. नोव्हेंबरात त्यांनी दिलेलं ते जेवण भेटींच्या नोंदवहीत तारखेसह आजच चढव. उशीर झाला तर झाला, उशिराची नोंदही नोंद असते, पण मागची तारीख टाकू नकोस. आणि त्यांची निविदा आली की गुण द्यायच्या आधी समितीला ते जेवण सांग, गुण दिल्यावर नाही. जुने मेल पुसू नकोस.

बघ, व्याख्यान झालंच. काढणार नव्हते विषय.

बर्फ बघायचा तर मार्चमध्ये आम्ही येतो तेव्हा जाऊ. बाबांनी पेन्शनच्या खात्यातून बाजूला काढून ठेवलेत, त्यांचा आकडा मला सांगत नाहीत. हिरवी सुटकेस आणू की नको ते कळव. चाक अजून तसंच आहे.

तुझी,
आई

ता. क. मेल पाठवलास की प्रत मला नको. पाठवलास एवढंच सांग.